उतारूंनी कृपया उतरावे

बोटीत चढायला पैसे लागतात, उतरायला अक्कल. क्रूझच्या जाहिराती नीट बघा. सूर्यास्त असतो, निळाशार तलाव असतो, हातात ग्लास घेऊन समुद्राकडे बघणारं जोडपं असतं. उतरणारा माणूस मात्र एकाही जाहिरातीत नसतो. शेवटच्या सकाळचा फोटो छापला तर पुढची बोट रिकामीच सुटेल.

आमच्या आळीतले भाऊ आणि वहिनी नुकतीच अशी सफर करून आले. रत्नागिरीकराला समुद्रावर जायचं तर आधी रेल्वेत बसून मुंबई गाठावी लागते, ही पहिली गंमत. दुसरी अशी की मुंबईहून गोव्याकडे निघालेली बोट रात्री आमच्याच किनाऱ्यासमोरून जाते. भाऊंनी डेकवरून लांबचा एक लुकलुकता दिवा दाखवून सांगितलं, "तो बघ, आपल्या भगवती किल्ल्याचा दिवा!" वहिनी म्हणाल्या, "मग इथंच उतरूया की. परतीचं भाडं तरी वाचेल." पण तशी सोय नव्हती. घर डोळ्यांसमोरून गेलं आणि ज्याचे पैसे भरले होते तो गोवा आला.

परतीच्या शेवटच्या रात्री फर्मान निघालं : बॅगांना रंगीत टॅग लावून त्या मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवा. भाऊ महसूल खात्यातले निवृत्त अव्वल कारकून. लेखी सूचना आली की पालन करायचं, हा जन्मभराचा शिरस्ता. त्यांनी सगळं सामान भरलं, टॅग लावला, बॅगा बाहेर ठेवल्या आणि कर्तव्यपूर्तीच्या समाधानात झोपले. सकाळी कळलं की पँटही बॅगेतूनच गेली. अंगावर उरली ती गोव्यासाठी घेतलेली, पोपट छापलेली हाफ पँट. ज्या माणसाने तीस वर्षं जिल्हाधिकाऱ्यांसमोर शर्ट खोचून सह्या घेतल्या, तो मुंबई बंदरात पोपटांसह दाखल झाला.

सातच्या ठोक्याला केबिन खाली करायची होती. जो पोरगा रोज टॉवेलचे हंस करून ठेवत होता, तो आज त्याच हंसाची मान धरून धुण्यात टाकत होता. त्याचाही दोष नाही. बोट धक्क्याला उभी राहिली की खर्च चालू आणि कमाई बंद. त्याच दिवशी दुपारी नवे पाहुणे चढायचे असतात आणि तेवढ्या वेळात सगळ्या खोल्या कोऱ्या करायच्या असतात. तलावावर जाळी, बारला कुलूप, दुकानं बंद. उघडा होता तो फक्त बिलाचा काउंटर, आणि तिथे रांगही सगळ्यांत लांब. मग भोंग्यावरून पुकारा : "निळे टॅगवाले खाली या." रात्रीपर्यंत 'आदरणीय अतिथी' असलेला माणूस सकाळी निळा टॅग होतो. खाली दालनात शेकडो काळ्या बॅगा एका आईच्या लेकरांसारख्या उभ्या होत्या. भाऊंची ओळखू आली, कारण वहिनींनी मुठीला जुन्या लुगड्याची किनार बांधली होती. कोकणी बाई कुठल्याही टॅगवर विश्वास ठेवत नाही.

बोटीतून उतरणं आम्हांला नवीन नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघायच्या. रत्नागिरीला बोट लांब समुद्रातच उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे. बोट लागून आडवे झालेले चाकरमानी, ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं असा सगळा संसार दाराशी गोळा व्हायचा. खाली पडाव लाटेवर हातभर वर, हातभर खाली. वर आला त्या क्षणी पडाव हाकणारा तांडेल ओरडायचा, "आता!" आणि माणसाने उडी मारायची. टॅग नाही, रंग नाही, भोंगा नाही. विचार करणारा पाण्यात. अर्थात जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडालेली 'रामदास' आठवावी. सहाशेहून अधिक माणसं गेली.

रत्नागिरीत उतरलेला सर्वांत मानाचा जलप्रवासी म्हणजे ब्रह्मदेशचा थिबा राजा. राज्य गेलं १८८५ ला, आणि एप्रिल १८८६ मध्ये सरकारी जहाजाने त्याला सहकुटुंब इथे आणलं. जाण्याचा खर्च इंग्रजांनी केला, परतीचं तिकीट मात्र काढायचं राहून गेलं. राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये. म्हणजे पाहुणा उतरल्यावर खोली तयार व्हायला चोवीस वर्षं! १९१६ मध्ये राजा गेला, तोही इथेच. पर्यटकांची वाट बघत बसण्याऐवजी आलेल्याला जाऊच न देण्याचा हा प्रयोग पर्यटन खात्याने अभ्यासावा.

सध्याचं सरकार तर समुद्रावर फारच खूश आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला 'क्रूझ भारत' मोहीम निघाली. पाच वर्षांत प्रवासी दुप्पट करायचे आहेत. २०२५ मध्ये मुंबईत नवं कोरं क्रूझ टर्मिनल झालं. त्याआधी २०१८ मध्ये मुंबई-गोवा अशी 'आंग्रिया' बोट सुरू झाली होती. नाव आमच्या किनाऱ्यावर राज्य करणाऱ्या आंग्र्यांचं, आणि आमचा किनारा पार व्हायचा तो प्रवाशांच्या झोपेत. जमिनीवर बघावं तर मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्याला खड्ड्यांपेक्षा मुदतवाढी जास्त पडल्या आहेत.

म्हणून एक नम्र सूचना. जिथे धक्का नाही तिथे परदेशी क्रूझही समुद्रात थांबते आणि लहान होड्यांनी पाहुण्यांना किनाऱ्यावर नेते. लोक हौसेने फोटो काढतात. म्हणजे आमच्या आजोबांनी नाइलाजाने केलं ते आता चैनीत मोडतं. तेव्हा क्रूझचा धक्का होईल तेव्हा होवो, तूर्त रत्नागिरीच्या मांडवीसमोर बोट उभी करा आणि पडाव आणा, तांडेल आमच्याकडे अजून आहेत. उद्‌घाटनाला नारळ फोडायला येणाऱ्या मान्यवरांनी मात्र हेलिकॉप्टरने न येता त्याच बोटीने यावं. दाराशी उभं राहावं, खाली बघावं. तांडेल "आता!" म्हणाला की उडी मारावी. लाटेकडे मुदतवाढ मागता येत नाही.