डार्विनचा शेजारी

"अगं शुभा, कपडे नंतर वाळत घाल. त्या डार्विनच्या शेजाऱ्याचं ऐकलंस का?"

"माकडवाल्या डार्विनचा? त्याचं काय आता, काकू?"

"आता नाही गं, दीडशे वर्षांपूर्वीचं. सर जॉन लबक. लंडनमध्ये घरची बँक, 'सर' ही पदवी बापाकडून आलेली. लहान असताना बाप म्हणाला, मोठी आनंदाची बातमी आहे. पोराला वाटलं, तट्टू आणलं! तर म्हणे डार्विन गावात राहायला येतोय."

"हिरमुसला असेल बिचारा."

"पण पुढे त्याच्याच नादी लागला. बापानं ईटनची शाळा सोडवून बँकेत बसवलं, पण जीव मुंग्यांत. घरात काचेत वारुळं पाळलेली, मुंगीमुंगीला रंगाचा ठिपका. दारूसुद्धा पाजली त्यांना! झिंगलेली घरची असली तर बाकीच्या उचलून आत न्यायच्या. परकी असली तर बहुतेक वेळा पाण्यात ढकलायच्या."

"आपल्या बी विंगसारखंच की!"

"हळू बोल, कुलकर्णीबाई गॅलरीत आहेत. शिवाय कुत्र्याला अक्षरांचे पुठ्ठे शिकवलेले. चहा हवा असला की तो 'चहा'चा पुठ्ठा तोंडात धरून आणायचा. गांधीलमाशीही माणसाळवली होती."

"बायको कशी राहिली हो त्या घरात?"

"पहिली 1879 साली वारली. पन्नाशीला दुसरी केली, निम्म्याहून लहान! सासरा पिट-रिव्हर्स, तोही जुनीपुराणी हत्यारं गोळा करणारा. जावईही त्याच वळणाचा. एव्हबरीच्या प्राचीन दगडांपाशी घरं उठणार म्हटल्यावर यानं ती जमीनच विकत घेतली. 1900 साली लॉर्ड झाला, तेव्हा नावही एव्हबरीच घेतलं."

"पैसा होता म्हणून सुचलं."

"असेल. पण यानं आणलेला 1871 चा सुट्टीचा कायदा ऐक. सगळ्यांना सुट्टी द्या म्हटलं असतं तर शेठलोक खवळले असते. यानं फक्त बँका बंद ठेवायला लावल्या, अन् त्या दिवशीच्या हुंड्या दुसऱ्या दिवशी भरल्या तरी चालतील असं कलम घातलं. बँकच बंद, मग व्यापारी दुकान उघडून करणार काय? लोकांनी त्या सुट्टीला 'सेंट लबक'चा दिवस म्हणायला सुरुवात केली."

"म्हणजे संत झाला! अन् बँक कोण बघायचं तोवर?"

"तोच. बाहेरगावचे चेक वटवायची सोयही त्यानंच बसवून दिली. आमच्या ह्यांना बँकेतून आल्यावर पेपरसुद्धा वाचवत नाही."