कोपऱ्यावरच्या काकांचा ड्रम

"काकू, रात्री झोप लागली का हो?"

"कसली झोप! कोपऱ्यावरच्या बंगल्यातून रात्रभर गुरगुर येत होती. मला वाटलं, मोटार चालू राहिली. ह्यांना म्हटलं, जाऊन सांगा. तर हे हसायलाच लागले. म्हणे, काकांनी झाडांसाठी चहा ठेवलाय."

आमच्या नांद्यात बातमीला कुंपण आडवं येत नाही, पण तपशील मात्र माझ्याकडेच होता. पन्नास लिटरचा निळा ड्रम. त्यात जुन्या पंच्यात बांधलेलं गांडूळखत. वर गूळ. मासे ठेवतात त्या पेटीच्या हवेच्या पंपाची नळी तळाशी, आणि चोवीस तास बुडबुडे. मग लगेच ओतायचं, कारण पंप थांबला की पाण्यातली हवा संपते आणि वास मारायला लागतो. याला म्हणतात कंपोस्ट टी.

"गूळ कुठला घातला?" काकूंचा पहिला प्रश्न.

"सेंद्रिय. डब्यातला."

"अगं बाई! आमच्या जावेचा मुलगा पाळेकर गुरुजींचं जीवामृत करतो, त्यातलंच हे. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पंपबिंप नाही. सावलीत ठेवायचं, दोन दिवस काठीनं ढवळायचं. आणि ते एकराला पुरतं, वहिनी! काकांची बाग केवढी?"

"अर्धा गुंठा असेल, गेट धरून."

काकूंनी बोटांवर हिशेब केला. चाळीस गुंठ्यांना दोनशे, म्हणजे गुंठ्याला पाच. "अडीच लिटर. दुधाच्या किटलीत मावेल. बाकीचं काय गेटला घालतात?"

माझी भाची शेतकी कॉलेजात आहे, तिला मी विचारलं होतं. ती म्हणाली, आत्या, त्या पाण्यात खताचा अर्क असतो, पण पातळ. रोग आटोक्यात येतो म्हणतात, त्याचे प्रयोग झालेत, पण कुठे गुण आला, कुठे काहीच नाही. भरवसा धरावा असं काही हाती लागलेलं नाही. जिवाणू म्हणाल तर पाला पडलेल्या मातीत ते आधीच नांदत असतात; त्यांना खायला हवं असतं, पाहुणे नकोत. त्यातून नळाचं क्लोरीनचं पाणी तसंच ड्रममध्ये भरलं, तर त्यांचंच मरण. ते आधी दिवसभर उघडं ठेवावं लागतं.

"आणि त्यांचा माळी काय करतो ठाऊक आहे?" काकू कुंपणाच्या तारेवर वाकल्या. "सगळा पाला झाडून पेटवतो."

"पंच्यातला चोथाही घंटागाडीत जातो."

"चोथा टाकतात?" काकूंना हे खरोखर लागलं. "अहो, खत तेच ना! पाणी फेकलं तरी चालेल. त्यांना सांगा, तो इकडे द्या. कढीपत्त्याच्या बुडाशी पसरते, वर पेंढा टाकते."

मलाही तेच पटतं. हौस असेल तर करा, फुलझाडांना घाला, बिघडत काही नाही. पण मूठभर खत थेट आळ्यात टाकलं तर पाणी घालताना त्याचा चहा आपोआप होतोच, आणि चोथाही तिथंच राहतो.

गुळाचं मात्र जपायला हवं. तो चांगल्या-वाईट सगळ्याच जिवाणूंना पोसतो. खत अर्धकच्चं असेल तर ई. कोलायसुद्धा त्यावर वाढतो. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचे नियम सुचवणारं मंडळ आहे. त्यांच्या गटानं २००४ मध्ये सांगितलं होतं, असं गोड घातलेलं पाणी तपासून घेतलेलं नसेल, तर घातल्यापासून भाजी काढेपर्यंत ९० ते १२० दिवस जाऊ द्या.

"१२० दिवस? मेथी महिन्यात काढतो आपण! तेवढं थांबलं तर मेथ्याच होतील. लाडू करा म्हणावं."

"काका कोथिंबिरीवर फवारतात, काकू."

काकू गप्प झाल्या. "परवा वाटली ती? दारोदार?"

"तीच. तुम्ही घेतली होती?"

"कालच कोशिंबिरीत घातली. ह्यांनी दोनदा मागून घेतली." त्यांनी घराकडे एक नजर टाकली. "तुम्ही ह्यांच्याजवळ काही बोलू नका हं."