क्लाउड : नवशिक्यांसाठी वापरपुस्तिका

सर्वप्रथम सुरक्षासूचना. या इंग्रजी शब्दाचं मराठी भाषांतर घरात, विशेषतः वडीलधाऱ्यांसमोर, मोठ्यानं करू नये. आमच्या आत्याचा फोन बिघडला तेव्हा तिच्या नातवानं तिला धीर दिला, "आजी, घाबरू नकोस, आजोबांचे सगळे फोटो ढगात गेलेत." आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे गेले ते गेले, आता फोटोही?" मराठीत ढगात गेलेला माणूस परत येत नाही. इंग्रजीत ढगात गेलेली वस्तू पासवर्ड टाकला की परत येते. हा फरक पाठ झाल्याशिवाय पुढचं पान उलटू नये.

लागणारं साहित्य : एक खिडकी, एक फोन आणि चिमूटभर संशय.

धडा पहिला : कूळ

हा शब्द मूळचा ढगातला नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता खडक, टेकाड. ढगाला तेव्हा वेगळाच शब्द होता. तेराव्या शतकाच्या सुमारास टेकाडासारखे दिसणारे ढग बघून लोकांनी दगडाचं नाव वर पाठवलं, आणि ते तिथेच राहिलं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आषाढात घाटमाथ्यावर जाऊन उभं राहावं आणि कातळ कुठे संपला नि ढग कुठे सुरू झाला, ते बोटानं दाखवावं.

धडा दुसरा : मोजमाप

ढगांना नावं ठेवण्याचं काम लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी केलं, १८०२ साली. पेशानं ते औषधं तयार करणारे. त्यामुळे नावं लॅटिन निघाली, यात नवल नाही. सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही त्यांचीच. ढगाळपणा मोजायला वेधशाळा आकाशाचे आठ भाग करतात. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे आभाळ पूर्ण भरलेलं. नऊ आकडाही आहे, पण त्याचा अर्थ 'आकाशच दिसत नाही' असा होतो.

इथे नवशिके हमखास घसरतात, कारण इंग्रज माणूस फार खूश झाला की तो 'नवव्या ढगावर' असतो. १८९६च्या आंतरराष्ट्रीय ढगकोशात नववा क्रमांक सर्वांत उंच वाढणाऱ्या क्युम्युलोनिंबसचा होता, म्हणून हा वाक्प्रचार आला, असं सांगतात. गोष्ट छान आहे. फक्त पूर्वी लोक सातव्या आणि आठव्या ढगावरही तितकेच खूश असत, त्यामुळे तिच्यावर पैज लावू नये. शिवाय क्युम्युलोनिंबस म्हणजे विजा, गारा आणि विमान हलवून सोडणारे झोत. कुठल्याही वैमानिकाला विचारा, तिथे आनंदानं कोण जातं!

धडा तिसरा : किरकोळ उपयोग

एखादा पुढारी 'ढगाखाली' आहे असं इंग्रजी बातमीत वाचलं तर त्याला छत्री नको, वकील हवा असतो. डोळ्यात ढग आला तर मोतीबिंदू, बुद्धीवर आला तर गैरसमज. क्लाउड किचन बहुधा तळघरात किंवा गाळ्यात असतं. वर बघत शोधू नये.

धडा चौथा : फुटणं आणि चांदी

'क्लाउडबर्स्ट'ची आपण शब्दशः ढगफुटी केली, आणि आता गुडघाभर पाणी साचलं की बातमीत ढग फुटतो. ढग काही पखाल नव्हे. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला, तरच हवामान खात्याच्या लेखी ती ढगफुटी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्याला पंचाहत्तरच्या आतच. ते आठवून मगच हा शब्द तोंडातून काढावा.

प्रत्येक ढगाला चंदेरी किनार असते हे इंग्रजी आश्वासन मिल्टनच्या १६३४ सालच्या नाटकापर्यंत मागे नेतात. मराठवाड्यात मात्र आपण सरकारी खर्चानं ढगाला खरोखर चांदी लावली. कृत्रिम पावसासाठी २०१५ आणि २०१९ साली विमानातून सिल्व्हर आयोडाइड सोडलं गेलं. अडचण एवढीच, की चांदी लावायला आधी ढग असावा लागतो, आणि दुष्काळात नेमका तोच नसतो.

धडा पाचवा : ज्यासाठी आपण आलात

संगणकाचं जाळं कागदावर काढताना अभियंते ज्या भागाच्या तपशिलात शिरायचं नाही, तिथे एक ढग काढत. 'आत काय चालतं ते तुम्ही विचारू नका' एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या कंपन्यांनी आपली यंत्रं भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी तो ढगच उचलला आणि त्याचं मासिक बिल पाठवायला लागल्या. फार हुशारीचं नाव आहे. 'आमच्या गोदामात तुमचं सामान' असं म्हटलं असतं, तर लोकांनी कुलूप, किल्ली आणि पावती मागितली असती.

तुमचा ढग पाहायचा असेल तर मान वर करू नका, लोकल पकडा. ऐरोली, रबाळे, महापे या भागात डेटा सेंटरच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. बाहेरून काँक्रीट, आत रांगेनं कपाटं, वीज गेलीच तर डिझेलचे जनरेटर. या ढगाच्या यंत्रांना पाण्याचा थेंब चालत नाही. ती तापतात, त्यांना सतत गार ठेवावं लागतं. म्हणजे खडकाचा शब्द सातशे वर्षं आभाळात फिरून ठाणे-बेलापूर रस्त्याला पुन्हा दगडाविटांत येऊन बसला आहे. त्यात तुमच्या मुंजीचे फोटो आहेत.

प्रात्यक्षिक

आत्याला नातवानं हे सगळं दोन रविवार समजावलं. मे महिन्यात एका सकाळी तिच्या फोनवर संदेश आला : क्लाउड भरला आहे. ती तडक गच्चीवर गेली आणि वाळत घातलेले पापड गोळा करून खाली आली. नातू पोट धरून हसला. चारच्या सुमाराला वळीव आला, आणि शेजारच्यांचे पापड भिजले.