उजेडाचं आवर्तन

नाना पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. चाऱ्या, दारं, पाणीपाळ्या मात्र डोक्यातून गेल्या नव्हत्या. गेल्या वाढदिवसाला मुलानं त्यांना डिजिटल कॅमेरा दिला आणि नानांना पुन्हा ड्यूटीवर हजर झाल्यासारखं वाटलं.

खोक्यातलं माहितीपुस्तक त्यांनी शासकीय परिपत्रकासारखं वाचलं. लाल पेन्सिल घेऊन, तळटिपांसकट. आठवडाभर कॅमेऱ्याला हात नाही. वरची चकती 'ऑटो'वर ठेवून नुसतं बटण दाबायचं, हे नातीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "दार आपलं आपण उघडणार? मग पाटकरी कशाला पोसायचा?" असं म्हणून नानांनी चकती 'एम'वर नेली ती नेलीच.

अडलं ते ॲपर्चरपाशी. आकडा वाढतो तसं भोक लहान होतं, हे काही केल्या पटेना. मी म्हटलं, "हुद्दा वाढला की काम कमी होतं ना, तसं समजा." नाना एकदम गप्प झाले. मला वाटलं, दुखावले.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालो, तर जिन्यात आडवे. "सापडलं! उजेड म्हणजे पाणी."

मग पिशवी हातात तशीच धरून मी ऐकलं. ॲपर्चर म्हणजे कालव्याचं दार, किती उचललं ते. शटर म्हणजे ते किती वेळ उचलून ठेवलं ते. दार निम्मं केलं तर वेळ दुप्पट द्यायचा, रानाला पाणी तेवढंच मिळतं.

"आणि आयएसओ?"

"जमीन! १००ची जमीन सावकाश पिते. ३२००ची घटाघटा पिते, पण मग तण माजतं." अंधारातल्या फोटोत रवाळ ठिपके दिसतात ना, ते हे तण. चहाला उशीर झाला आणि घरात त्याबद्दल ऐकूनही घ्यावं लागलं, पण इतकी सरळ शिकवणी मला आजवर कोणी दिली नव्हती.

ॲपर्चरचे आकडे त्यांनी पावकी-निमकीसारखे पाठ केले. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. एकेका पायरीला उजेड निम्मा. संध्याकाळी गच्चीत फेऱ्या मारताना हे चाले. खालच्या मजल्यावरच्या आजींना बरेच दिवस वाटत होतं, कुठल्यातरी बाबांनी जप दिलाय.

एवढं झाल्यावर नाना पुतणीच्या लग्नाला कॅमेरा घेऊन गेले. हॉलमध्ये उजेड बेताचा. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नानांनी दार पूर्ण उचललं. पुरेना. आवर्तन वाढवलं, तर वधू हलून दोन-दोन दिसायला लागली. मग जमीन बदलायला घेतली. तेवढ्यात शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. नाना अजून मेनूतच होते.

"गुरुजी, अंतरपाट पुन्हा धरता का? एकच मिनिट."

"धरतो," गुरुजी म्हणाले, "पण मुहूर्ताचं तुम्ही बघा."

दुसऱ्यांदा नानांनी सरळ फ्लॅश मारला. पुढची रांग पांढरीफटक, भुतासारखी. मागच्या आत्या, माम्या गडप. ठेवणीतली पैठणी नेसून अंधारात गेलेल्या आत्याबाई तणतणत आल्या. नाना शांत. "टेलला पाणी पोचलं नाही," ते म्हणाले. "हेडवाले आधी ओढून घेतात. नोकरीभर हेच बघत आलो." फ्लॅशचं खरोखरच तसं असतं. जवळचे पिऊन टाकतात, लांबच्यांना ओलही मिळत नाही. पण हे आत्याबाईंना कोण सांगणार?

पुढं महिनाभरानं कॅमेऱ्यातून सगळंच धूसर दिसायला लागलं. नाना तावातावानं दुकानात. सोबत मी, साक्षीदार म्हणून. काउंटरवरच्या पोरानं डोळा लावायच्या खिडकीजवळचं एक बारीक चाक नखानं फिरवून दिलं. बघणाऱ्याच्या नंबराप्रमाणे ते जुळवायचं असतं. नानांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. धूसर ते धूसरच. पोरानं कॅमेरा स्वतःच्या डोळ्याला लावला, समोरची पाटी वाचून दाखवली आणि हळूच म्हणाला, "काका, कॅमेरा ठीक आहे."

मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी आत भिंग बसवणार म्हटल्यावर नानांचा पहिला प्रश्न: "फिक्स्ड की झूम?" डॉक्टरांनी फिक्स्ड सांगितलं. नानांना ते आवडलं. फिक्स्डचा फोटो जास्त स्वच्छ येतो, असं त्यांनी उलट डॉक्टरांनाच समजावलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा सुटला त्या दिवशी नाना आमच्या दारात. आत न येता उंबऱ्यातच उभे राहून भिंतीकडे बघत होते. डावा डोळा झाकायचे, मग उजवा. नव्या डोळ्याला भिंत पांढरी दिसत होती, जुन्याला हळद फासल्यासारखी.

"इतकी वर्षं गढूळ पाणी सोडत होतो हो मी," ते म्हणाले.

"आणि मी कसा दिसतो?"

नानांनी दोन्ही डोळे आलटूनपालटून झाकले. बराच वेळ. निरीक्षकाच्या काळजीनं.

"तुम्ही जुन्या डोळ्यानं बरे दिसता."