भित्यापाठी भोपळा

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी कुणाच्याही दाराची घंटा वाजवावी, दार उघडणाऱ्या अनोळखी माणसासमोर पिशवी धरावी आणि पडेल ते घेऊन पुढचं दार गाठावं, याला सभ्य समाजाची पूर्ण मान्यता आहे. इतर दिवशी त्याच अंगणात उगाच घुटमळलं तर पोलीस येतात. हॅलोवीनच्या रात्री मात्र चेटकीण चालते, कवटी चालते, रक्ताने माखलेला तुटका हात चालतो. चालत नाही ती एकच गोष्ट. शेजारच्या काकूंनी घरी वळलेला लाडू.

गंमत म्हणजे हा सगळा सण चालतो घरगुतीपणाच्या नावावर. सप्टेंबर उजाडला की मासिकं, वाहिन्या आणि पिंटरेस्ट एकासुरात सांगू लागतात, भूत घरीच करा. विरळ विणीचं सुती कापड खळीत बुडवून फुग्यावर वाळत घाला, फुगा फोडा, झालं अधांतरी भूत. अंड्यांच्या पुठ्ठ्याची वटवाघळं करा. कापूस ताणून कोळ्याची जाळी लावा. (ज्यांच्या घरात ती फुकट लागलेली असतात त्यांनी आधी झाडून घ्यावीत आणि मग विकतचा कापूस ताणावा.) प्रत्येक कृतीखाली साहित्याची यादी असते. ती यादी घेऊन माणूस दुकानात जातो. घरगुती भुताची नाळ दुकानातच पुरलेली असते.

हे आजचं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या डेनिसन या कागदाच्या कंपनीने १९०९ साली 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढली. हॅलोवीनला घर कसं सजवावं, पोशाख कसे करावेत, पाहुण्यांना कोणते खेळ खेळायला लावावेत, सगळं घरच्या घरी. अट एवढीच, की जिकडेतिकडे क्रेप कागद लागे आणि क्रेप कागद डेनिसन विके. पुढची वीसेक वर्षं ही पुस्तिका निघत राहिली. पणजीच्या काळची परंपरा म्हणून अमेरिकन माणूस ज्या सजावटीकडे हळवा होऊन पाहतो, तिच्यामागे अशी एका कंपनीची विक्रीची अक्कल आहे. १९२०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या बीस्टल कंपनीने तर कातरीचेही कष्ट वाचवले. छापील मांजर, छापील चेटकीण, आणि घडी उघडली की फुगून गोल होणारा कागदी भोपळा. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलेलं असतं.

खरं हातचं काम पाहायचं तर आयर्लंडला जावं लागेल. तिथे भोपळा नव्हताच. शेतातला टणक सलगम घ्यायचा, चाकूने आतून खरवडायचा, डोळे-दात कोरायचे आणि आत निखारा किंवा मेणबत्तीचा तुकडा ठेवायचा. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल परगण्यातल्या अशा एका सलगम-भुताची प्लास्टरमधली प्रतिकृती आहे. खोल गेलेले डोळे, विचकलेले दात. नुसतं चित्र पाहिलं तरी रात्री उठून कडी तपासावीशी वाटते. त्याच्या शेजारी अमेरिकन भोपळा ठेवला तर तो विमा एजंटासारखा हसतो. आयरिश माणसं अमेरिकेत गेली, तिथे त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. मनगटाचं दुखणं गेलं, जाताना भीतीही घेऊन गेलं.

या भोपळ्याचीही एक कथा आहे. कोरण्यासाठी जो सर्वाधिक खपतो तो 'हाउडेन' वाण मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडेन या शेतकऱ्याने निवडून निवडून तयार केला. उभा आकार, भक्कम देठ, रंग देखणा. गर मात्र पाणचट आणि दोरेदार. म्हणजे ही भाजी खाण्यासाठी नाही, दारात बसवण्यासाठी पिकवलेली. कोरल्यावर तो चार दिवसांत बुरसतो, म्हणून लोक त्याला ब्लीचच्या पाण्याने पुसतात आणि कडांना व्हॅसलीन लावतात. एवढा शृंगार झाल्यावर त्याची भाजी करण्याचा प्रश्नच उरत नाही.

मग भोपळ्याचा घरगुती 'पाय', हा तिकडचा गोड पदार्थ, कशाचा? डब्यातल्या गराचा. तो गर वेगळ्याच, फिकट पिवळट सालीच्या 'डिकिन्सन' वाणाचा. अमेरिकेतला डबाबंद भोपळा बहुतांश इलिनॉय राज्यातून येतो आणि तिथलं मॉर्टन हे गाव स्वतःला भोपळ्याची जागतिक राजधानी म्हणवतं. थोडक्यात, टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळं कुटुंब एका भोपळ्याचा गर काढून कचऱ्यात टाकतं, आणि त्याच टेबलावर दुसऱ्या भोपळ्याचा डबा उघडून 'आमच्याकडे सगळं घरीच करतो' म्हणतं. दोन्ही वेळा भोपळा खरा आहे.

आता खाऊकडे वळू. हॅलोवीनच्या घरगुती पदार्थांत 'मातीची वाटी' फार लोकप्रिय. पाकिटातलं झटपट चॉकलेट पुडिंग, वर कारखान्यातल्या काळ्या बिस्किटांचा चुरा म्हणजे माती, त्यातून डोकावणारे जिलेटिनचे गांडूळ. तीन कारखाने एका वाटीत आले की घरगुती पदार्थ तयार होतो. 'ममी' करायची तर आयतं सॉसेज घ्या, डब्यातल्या आयत्या कणकेच्या पट्ट्या त्याभोवती गुंडाळा आणि भाजा. सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे. ही एक खरी मेहनतीची पाककृती, कारण द्राक्ष सोलणं हे काम माणसाला सुट्टीची किंमत शिकवतं. बदामाचं नख लावलेली बिस्किटाची बोटंही मान्य. पण ही बोटं खाणार घरातलीच माणसं. ती दारात आलेल्या पोरांना देता येत नाहीत.

पूर्वी येत होती. दारोदार हिंडून खाऊ मागायची ही रीत अमेरिकेत आणि कॅनडात १९२०-३०च्या दशकांत रुजली. मूळ सौदा साधा, खाऊ द्या नाहीतर खोडी काढू. खंडणीच ती, पण गोड. तेव्हा पोरांच्या पिशवीत पडे ते बहुतेक घरचंच. मक्याच्या लाह्यांचे पाकातले लाडू, बिस्किटं, डोनट, सफरचंदं, मूठभर अक्रोड. महायुद्धात साखरेवर रेशन आलं, १९४७ला ते उठलं, आणि गोळ्या-चॉकलेटांच्या कंपन्यांना कळलं की वर्षातून एक रात्र अशी आहे की देशभरची लेकरं स्वतः पिशव्या घेऊन हिंडतात. इतकं तयार गिऱ्हाईक फक्त स्वप्नात भेटतं.

तरीही लाडू काही वर्षं तग धरून होता. त्याला मारलं ते ब्लेडने. १९६०-७०च्या दशकांत बातम्या पसरल्या, की कुणीतरी विकृत माणूस सफरचंदात ब्लेड खुपसतो, लाडवात विष घालतो. वर्तमानपत्रांनी इशारे दिले, पोलिसांनी सूचना काढल्या, पुढे काही रुग्णालयांनी पोरांच्या पिशव्यांचे एक्स-रे फुकट काढून द्यायला सुरुवात केली. उघडा खाऊ सरळ फेकून द्या, हा पालकांचा धर्म झाला.

जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हा विषय धसास लावला. १९५८पासूनच्या बातम्या काढल्या, एकेकीचा माग घेतला आणि १९८५मध्ये आपला शोध छापला. नंतरही ते दरवर्षी नवी भर घालत राहिले. अनोळखी घरातून मिळालेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची किंवा त्याला गंभीर इजा झाल्याची सिद्ध झालेली किती प्रकरणं सापडली? भोपळा. खाऊत टाचणी वगैरे निघाल्याच्या ज्या थोड्या घटना होत्या, त्यांत बऱ्याच वेळा टाचणी खुपसणारा आणि किंचाळणारा एकच निघाला. भ्रमाचा भोपळा फुटतो असं आपण म्हणतो. अमेरिकेत तो फुटत नाही, दरवर्षी नव्याने कोरून दारात ठेवतात.

एक मृत्यू मात्र खरा आहे, आणि त्यावर विनोद करता येत नाही. १९७४च्या हॅलोवीनला टेक्सासमध्ये आठ वर्षांचा मुलगा सायनाइडने गेला. ते विष आंबटगोड पुडीच्या नळीत होतं. नळी कारखान्याची होती, आणि तिच्यात विष भरणारा मुलाचा बाप होता, रोनाल्ड क्लार्क ओब्रायन. मुलाचा विमा उतरवलेला होता. कुणीतरी अनोळखी माणसाने हे केलं असं सगळ्यांना वाटेल, एवढाच त्याचा हिशेब. अफवेवर त्याचा पूर्ण विश्वास होता. १९८४मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. या प्रकरणातून निष्पाप सुटली ती एकच, शेजारच्या काकू. पण लोकांनी धडा काढला तो काकूंचा लाडू खाऊ नये असा.

मधल्या काळात, १९८२च्या शरदात, शिकागो परिसरात दुकानात विकत घेतलेल्या टायलेनॉलच्या कॅप्सूलमधून सायनाइड पोटात जाऊन सात माणसं गेली. महिन्याभरात हॅलोवीन आला. विष सापडलं दुकानातल्या बाटलीत, संशय बळावला घरच्या लाडवावर. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी देतात. तिकडे संन्याशाला सुळी देऊन चोराला नवं सील लावून देतात.

पाकिटाची बाजूही ऐकून घेऊ. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला वेष्टनावरची घटकांची यादी लागते आणि तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. २०१४पासून काही घरं निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा दारात ठेवतात. त्याचा अर्थ, इथे खाऊऐवजी पेन्सिल, खेळणं असंही काही मिळेल. ही सरळ, शहाणी सोय. खरा धोका असला की लोक भोपळा रंगवून तोडगा काढतात. खोटा असला की एक्स-रे काढतात.

उरली सजावट. तिला कुणी खात नाही, म्हणून ती अजून सुरक्षित. २०२३मध्ये अमेरिकनांनी हॅलोवीनवर १,२२० कोटी डॉलर खर्च करण्याचा बेत केला, असा किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज होता. त्यात सजावटीचा वाटा गोळ्या-चॉकलेटांपेक्षा मोठा. २०२०मध्ये होम डेपो या दुकानाने बारा फुटी प्लास्टिकचा सांगाडा विकायला काढला, किंमत २९९ डॉलर, आणि तो हातोहात संपला. महामारीचं वर्ष होतं, माणसांनी एकमेकांच्या घरी जायचं नव्हतं. अंगणात उभं राहायला कुणीतरी हवंच होतं.

मराठी घरं यातून सुटलेली नाहीत. २०२४मध्ये नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले. न्यू जर्सीतल्या मराठी घरात सकाळी उटणं, संध्याकाळी दारात रांगोळी, तिच्याशेजारी दात विचकणारा भोपळा आणि आत डबाभर चकल्या. घंटा वाजली की सांगाड्याच्या वेषातल्या पोराला चकली द्यायची सोय नाही, पाकिटबंद चॉकलेटच द्यायचं. आता त्यातल्या कित्येक घरांतली चकलीसुद्धा पुण्याहून कुरिअरने, हवाबंद पाकिटात आलेली असते. म्हणजे नियमाप्रमाणे ती दारात वाटायला हरकत नसावी. इकडे पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत हॅलोवीन पोचला आहेच. कामट्या आणि पतंगी कागद घेऊन आकाशकंदील करणं ज्यांनी कधीच सोडलं, त्यांनी भोपळा कोरत बसावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्यांनी तो थेट प्लास्टिकचाच मागवला, आत बॅटरीसकट.

आयर्लंडमध्ये या सणाला 'बार्मब्रॅक' नावाचा बेदाण्यांचा पाव करतात. जुन्या रिवाजात त्यात अंगठी, नाणं, काडी, वाटाणा आणि चिंधी घालून भाजत. ज्याला अंगठी मिळेल त्याचं लग्न ठरेल, नाणं मिळेल तो श्रीमंत, चिंधी मिळेल त्याच्या नशिबी गरिबी. म्हणजे हॅलोवीनच्या खाऊत धातू घालण्याची चाल अगदी खरी, जुनी आणि कौतुकाची. घालणारी घरातलीच बाई होती, सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळे जपून चावत होते. अंगठीचं ब्लेड झालं, ते घालणारी बाई अनोळखी झाली तेव्हा.

तरी घरगुतीपणा अगदीच बुडाला म्हणून कुणी गळा काढू नये. कारखान्यात न बनलेली, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलेली, प्रत्येक आईने आपल्या चवीप्रमाणे तिखट-मीठ लावलेली एक चीज हॅलोवीनला अजून घरोघर ताजी मिळते. सफरचंदातल्या ब्लेडची गोष्ट. अर्धशतक उलटून गेलं, तिच्यात एकही प्रिझर्व्हेटिव्ह नाही, आणि ती अजून नासलेली नाही.