हाफ मॅरेथॉनचा वेळ कमी करण्याची शास्त्रोक्त पद्धत (सोलापूर आवृत्ती)

हे मार्गदर्शन नोकरी-धंदा सांभाळून ट्रायथलॉन करणाऱ्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं या तिन्हींपायी घरच्यांची बोलणी खाणाऱ्या सोलापूरकरांसाठी आहे. हाफ मॅरेथॉन 21.0975 किलोमीटरची असते. शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर कोणी वाढवले, अशी चौकशी साधारण विसाव्या किलोमीटरला करावीशी वाटते. ती पुढे ढकलावी.

1. ध्येय

सध्या सव्वादोन तास लागत असतील, तर दोन तासांच्या आत यायचं ठरवा आणि पळायला सुरुवात करण्याआधी ग्रुपवर जाहीर करा. सव्वादोन तासांना किलोमीटरमागे 6 मिनिटं 24 सेकंद पडतात, दोन तासांना 5 मिनिटं 41 सेकंद. फरक अवघ्या 43 सेकंदांचा. सात रस्त्याच्या चौकात आपण याहून जास्त वेळ नुसते उभे असतो. हे 43 सेकंद एकवीस वेळा वाचवायचे आहेत, हा हिशेब नंतर करावा.

प्रेरणेसाठी अविनाश साबळे यांचं नाव घ्यावं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा हा जवान 2020 साली दिल्लीत हेच अंतर 1 तास 30 सेकंदांत धावला. लहानपणी ते शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जायचे. आपल्याला रिक्षा शाळेच्या दारात सोडायची. दोष रिक्षावाल्याचा आहे.

2. साहित्य

कार्बन प्लेटचे बूट घ्या. ते जेमतेम दोनशे ग्रॅमचे असतात. पोटावरचे आठ किलो हा वेगळा विषय आहे, त्याचं दुकान अजून निघालेलं नाही. घड्याळ मात्र भारीतलं हवं. ते रोज सकाळी नाडी, झोप वगैरे तपासून सल्ला देतं. ‘जोरात पळा’ म्हणालं तर शास्त्र, ‘आज विश्रांती घ्या’ म्हणालं तर बिघाड.

3. पोहणे

आपल्यातले बरेचजण विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. मान वर काढून, कोण बघतंय ते बघत पोहणं हा त्या शिक्षणाचा गाभा. तो सोडू नये. पोहण्याचा मुख्य उपयोग वेगळाच आहे. पळायचा कंटाळा आला की म्हणावं, आज स्विमिंग. तलाव बंद असेल तर आज सायकल. सायकल पंक्चर असेल तर आज रिकव्हरी. नुसत्या धावणाऱ्याला ही सोय नाही. तो चुकला की चुकला. ट्रायथलॉनमध्ये कुठलाही एक खेळ बुडवा, बाकीचे दोन त्याला जामीन राहतात.

4. सायकल

ज्या रविवारी लाँग रन असेल, त्याच रविवारी सायकलने अक्कलकोट गाठावं. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर होतात, स्वामींचं दर्शन होतं, अन्नछत्रात महाप्रसाद मिळतो. सायकलने दम वाढतो हे खरंच आहे. पण डांबरावर हजारो वेळा आपटायची सवय नडगीला आणि घोट्याला फक्त पळूनच लागते, आणि सायकलवरून उतरून लगेच दोन-तीन किलोमीटर पळालं तरच लाकडासारखे झालेले पाय मोकळे होतात, असा तपशील कोणी काढलाच, तर विषय पुन्हा स्वामींकडे न्यावा.

5. धावणे

हा भाग टाळता येत नाही, म्हणून थोडक्यात. पहाटे पाचला पहिला प्रतिस्पर्धी अंगावरच असतो: सोलापुरी चादर. तिला भौगोलिक मानांकन आहे, आपल्याला नाही. त्यामुळे साडेसातला निघावं. उन्हाला शरीर सरावायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर वेग कमी ठेवावा, असं पुस्तकं म्हणतात. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मे महिन्यातलं सोलापूर पाहिलेलं नाही. आपण इथलेच, आपल्याला कसलं सरावायचं!

दहातलं आठ आणे पळणं गप्पा मारता येतील इतकं हळू असावं, असंही तज्ज्ञ सांगतात. चुकलो, दहातले आठ भाग. आठ आणे आपण स्वतःच करून टाकले. पण विजापूर रस्त्याला कंबर तलावापाशी हळू पळून दाखवा. फिरायला आलेले काका मागून येतात, बरोबरीला येतात आणि विचारतात, “काय बे, दमला का?” अशा वेळी शास्त्र गुंडाळून काकांना मागं टाकावं. रोज काका भेटतात, म्हणून रोज जोरात पळावं. मग खऱ्या जोराच्या दिवशी पाय उचलत नाहीत, आणि धड हळू ना धड जोरात असा एकच वेग जन्माला पुरतो.

6. आहार

मालदांडीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही: पोटाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचं इंधन. म्हणून शर्यतीच्या सकाळी ते टाळून कधीच न चाखलेलं परदेशी जेल घ्यावं. परिणाम बाराव्या किलोमीटरच्या आसपास दिसू लागतो.

7. शर्यतीचा दिवस

सुरुवातीला ढोल वाजत असतात, पाय हलके असतात. दोन तासांचा वेग विसरून पहिले तीन किलोमीटर 5:10 नं काढावेत. दीड मिनिट हातात शिल्लक पडतं. शेवटचे सहा किलोमीटर सातच्या वेगानं ओढत न्यावे लागतात आणि जवळपास आठ मिनिटं जातात. पण त्या दीड मिनिटाचा फोटो आलेला असतो.

8. संगत

शहरातल्या काही लोकांपासून लांब राहावं. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणारे, हे पहिले. अंतर पंचेचाळीसएक किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनच्या वर. कित्येकजण अनवाणी, आणि त्यात आजीही असते. दुसरे, संक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारे. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करायची म्हणून ते आधी अनेक आठवडे रोज सराव करतात, निमूटपणे. यांना पीबी (स्वतःचा सर्वोत्तम वेळ) विचारू नये. उलट प्रश्न आला तर उत्तर नसतं.

9. शेवटचा उपाय

एवढं करूनही वेळ हलला नाही, तर एक जुनी पद्धत आहे. आठवड्यातून चार दिवस पळायचं, त्यातले तीन दिवस काकांना पुढं जाऊ द्यायचं. एक दिवस मात्र ठरवून जोरात. अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवायचं, शेवटचे दोन आठवडे कमी करायचं, रात्री दहाला झोपायचं. हिची शिफारस आम्ही करत नाही. यात विकत घेण्यासारखं काही नाही, ग्रुपवर टाकण्यासारखं त्याहून नाही. शिवाय हिनं काहीजणांचा वेळ खरोखरच कमी झाल्याच्या तक्रारी आहेत. पुढच्या वर्षी सांगायला त्यांच्याकडे एकही कारण उरलं नाही.