कोरडे रिंद

जन्मात थेंब घेतलेला नाही, पण मदिरेचा विषय निघाला की डोळे आपोआप मिटतात, असे एक काका बहुतेक सोसायट्यांमध्ये असतात. पोटात चहा, कानात शराब. १९८० साली पंकज उधासांची ‘आहट’ आली आणि पुढे प्याल्यांच्या गझलांचा एक वेगळा कप्पाच झाला. चाळीपासून बंगल्यापर्यंत कॅसेटी वाजल्या. बाकीच्यांचा नाद सुटला, काकांचा नाही.

साकी, मीना, सुराही ही काकांची माहेरची माणसं. रिंद म्हणजे पिणारा आणि जाहिद म्हणजे त्याला उपदेश करणारा, हे ते लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा पेला उंचावून समजावतात. शेजारचा पाहुणा जिलबीकडे बघत मान डोलावतो.

कुणी छेडलंच, तर पुरावे तयार. “बच्चनांची ‘मधुशाला’ १९३५ची. स्वतः घेत होते का? नाव नको! रियाज खैराबादींनी हयातभर शराबेवर लिहिलं, ओठाला लावली नाही. गुलाम अलींनी घरोघर पोचवलेली ती ‘हंगामा’वाली गझल अकबर इलाहाबादींची, आणि ते होते न्यायाधीश! आपले माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी खय्याम मराठीत आणला तो वर्गातून, गुत्त्यातून नव्हे.”

काकांच्या घरात स्पिरिट शिरलं, तेही कलेच्याच सेवेला. टेपच्या हेडवर साठलेली तपकिरी पूड काढायला ते काडीला कापूस गुंडाळतात, स्पिरिटात बुडवतात आणि श्वास रोखून अलगद फिरवतात.

शनिवारी रात्री मैफल. साकी अर्थातच काकू. “अजून एक पेला येऊ द्या,” असं काका झुलत म्हणाले की स्वयंपाकघरातून उत्तर येतं, “तिसरा झाला. रात्री आंबट ढेकर आले तर मला उठवायचं नाही.”

“जाहिद!” काका पुटपुटतात, आणि कप स्वतःच विसळून ठेवतात.

परवा भाचा दुबईहून आला, मामांसाठी म्हणून स्कॉच घेऊन. काकांनी बाटली दिव्यासमोर धरली, रंगाला दाद दिली, बोटभर पेल्यात ओतली. डोळे मिटून पेला नाकापाशी नेला आणि तीन शिंका दिल्या.

“काय रे हे,” काका नाक पुसत म्हणाले, “एवढे शायर होऊन गेले, आणि हिला असा वास येतो हे एकालाही लिहावंसं वाटलं नाही?”